जुने कागद जाळू नका!

मित्रांनो, इतिहास म्हटला की आपल्याला काय आठवते? सनावळ्या! परीक्षा झाली की साऱ्या विसरायच्या. मीही त्यातलीच.

पण परवा गुरुजींनी सुमारे ३५० वर्षांपूर्वीचे एक पत्र फळ्यावर बाळबोध अक्षरांत लिहिले. शिवाजी महाराजांकडून चिपळूणच्या छावणीतल्या लष्करी अंमलदारांना गेलेले. त्यात काय आहे? वैरण जपून वापरा, नाहीतर पावसाळ्यात कमी पडेल. रयतेचा दाणा, भाकरी, लाकूडफाटा उचलू नका, बाजारातून विकत आणा. रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात नेईल आणि गवत पेटेल. उंदराचे ऐकून सगळा वर्ग हसला. मला तर वाटले, महाराज आमच्या आजोबांसारखेच बोलतात की! धड्यात ही गंमत कुठली?

म्हणून माझे मत असे की, प्रत्येक धड्याबरोबर एकतरी अस्सल कागद वर्गात वाचावा. मोडी आपल्याला येत नाही हे खरे. पण जाणकाराकडून वाचून घेता येते.

एक गोष्ट सांगायला लाज वाटते. गेल्या दिवाळीला आमच्या ट्रंकेतले मोडी कागद आईने पाणी तापवायला चुलीत घातले. नेऊन मीच दिले. त्यांत काय होते, आता कोण सांगणार?

पालकहो, तुमच्या घरी असे कागद असतील तर एक दिवस शाळेत दाखवायला आणा. संध्याकाळी परत न्या. पण जाळू नका, एवढीच विनंती.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी