थंडीत चकोल्याच बऱ्या

थंडी वाढली की उंब्रजसारख्या गावातही पाकिटातले सूप, नूडल्स घरोघरी शिजतात. सोय होते; पण पोटात मीठ जास्त आणि प्रथिने कमी जातात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खाण्यास सांगते. त्यापेक्षा आपल्या चकोल्या कराव्यात. तूरडाळीच्या पातळ आमटीत कणकेचे तुकडे शिजतात. गव्हात कमी असलेले लायसिन डाळ देते, डाळीत कमी असलेले मेथिओनिन गहू देतो. रात्री चहा-बिस्किटांवर भागवणाऱ्या, दात नसलेल्या आजी-आजोबांनाही हे मऊ, गरम जेवण पोटभर खाता येते. मधुमेह असेल तर डाळ वाढवा, कणीक कमी करा, मूठभर मेथी घाला. 'कंटाळ्याचा स्वयंपाक' म्हणून चकोल्यांना हिणवू नका.