कल्पनेची मूर्ती आणि तिचा हिशेब

महाराष्ट्रातील अनेक किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेला दिसतो. सिंहासारखे धड आणि पंजांत पकडलेले हत्ती, असा हा प्राणी कोणत्याही अरण्यात कधी वावरला नाही. तो प्रथम कोणाच्या तरी मनात जन्मला आणि मग पाथरवटाच्या छिन्नीने दगडात उतरला. मंदिराच्या उंबरठ्यावरील कीर्तिमुखही त्याच कुळातले. कधी न पाहिलेल्या जीवाला देह देण्याची विद्या आपल्या भूमीत जुनीच आहे. तिची साधने तेवढी बदलली आहेत.

आज ही विद्या संगणकाच्या पडद्यावर सुरू होते. चित्रपट, संगणकीय खेळ, खेळणी आणि संग्राहकांच्या कपाटातील मूर्ती यांसाठी काल्पनिक पात्रे घडविणे हा आता व्यवसाय झाला आहे. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातील एखाद्या व्यापारी कुटुंबात मुलगा किंवा मुलगी ‘मला हेच शिकायचे आहे’ असे म्हणते, तेव्हा घरात क्षणभर शांतता पसरते. पोलादाच्या वा हार्डवेअरच्या पेढीवर आयुष्य घालविलेल्या वडिलांना तो छंद वाटतो; अपत्याला ते भवितव्य वाटते. दोघांचेही बोलणे अर्धवट राहते, कारण या कामाची रीत आणि त्याचा हिशेब त्यांच्यापुढे कोणी मांडलेला नसतो.

रीत समजून घेण्यास हा औद्योगिक पट्टा उत्तम शाळा आहे. मोटारीचा नवा आकार प्रथम कागदावर व पडद्यावर रेखाटला जातो. परंतु साचे बनविण्यापूर्वी तो विशिष्ट मातीत घडवून पाहण्याची प्रथा वाहन उद्योगात सुमारे शंभर वर्षे टिकून आहे. ही माती सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ होते आणि थंड झाल्यावर घट्ट राहते. पडदा कितीही चांगला असला तरी पृष्ठभागावरून प्रकाश कसा सरकतो, हे प्रत्यक्ष वस्तूवरच डोळ्यांना पटते.

काल्पनिक पात्राचा प्रवासही असाच असतो. समजा, शरभावरून सुचलेला पंखधारी पहारेकरी घडवायचा आहे. प्रथम त्याची केवळ काळी छायाकृती काढतात. तेवढ्यावरून तो ओळखू आला, तरच पुढे जाण्यात अर्थ असतो. मग समोरून, बाजूने आणि मागून रेखाटने होतात. त्यानंतर झेडब्रश किंवा विनामूल्य मिळणारे ब्लेंडर अशा प्रणालीत ‘डिजिटल माती’ दाबून, ओढून त्याचे शरीर घडते.

येथपर्यंतचा भाग आकर्षक. खरी परीक्षा यापुढे. पडद्यावर वजन नसते. बारीक घोट्यावर उभा असलेला, प्रचंड पंखांचा पहारेकरी तेथे डौलाने उभा राहतो आणि टेबलावर ठेवताच कोलमडतो. म्हणून गुरुत्वमध्य बैठकीच्या आत आणावा लागतो, पातळ कडा जाड कराव्या लागतात, मूर्तीचे भाग पाडून त्यांना खुंट्या व खाचा द्याव्या लागतात. आतून पोकळ केल्यास ओले रेझिन बाहेर पडण्यासाठी छिद्रे ठेवावी लागतात.

त्यानंतर येते थ्रीडी प्रिंटिंग. चार्ल्स हल यांना द्रवरूप रेझिन प्रकाशाने थरथरांत घट्ट करण्याच्या पद्धतीचे अमेरिकन पेटंट १९८६ मध्ये मिळाले. आज टेबलावर मावणारी यंत्रे तेच काम करतात. छापलेला भाग धुणे, अतिनील प्रकाशात पक्का करणे, आधारकाड्या काढणे आणि घासणे हे काम हातांचेच. प्राइमरचा पहिला करडा हात बसला की लपलेले सगळे ओरखडे उघडे पडतात आणि पुन्हा घासणे सुरू होते. कच्चे रेझिन त्वचेला अपायकारक असते. हातमोजे व खेळती हवा यांत काटकसर नको आणि उरलेला द्रव मोरीत ओतणे तर सर्वथा वर्ज्य. तयार मूळ मूर्तीवरून सिलिकॉनचा साचा घेऊन प्रती ओततात आणि शेवटी रंगकाम होते.

हात आणि संगणक परस्परांचे वैरी नाहीत, याचे उदाहरण धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे जन्मलेले शिल्पकार राम सुतार यांच्या कामात मिळते. गांधीसागर धरणावर त्यांनी चंबळ नदीला ४५ फुटी मातेचे रूप दिले आणि मध्य प्रदेश व राजस्थान ही राज्ये तिची दोन मुले म्हणून कल्पिली. तेही कल्पनेतील पात्रच. पुढे सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्यासाठी त्यांनी घडविलेल्या ३० फुटी नमुन्याचे संगणकीय मोजमाप घेऊन तो महाकाय आकार साकारला. संगणकाने आकार वाढविला. पटेलांचा चेहरा मात्र शिल्पकाराच्या नजरेने ओळखला होता.

आता हिशेब. मूर्तीची उंची दुप्पट केली तर भरीव मूर्तीला माल दुप्पट लागत नाही, आठपट लागतो. समान जाडीच्या पोकळ मूर्तीलाही सुमारे चौपट. ‘जरा मोठी करून द्या’ ही ग्राहकाची विनंती अनेक नवख्यांना येथेच बुडविते. सिलिकॉनचा साचा काही डझन प्रतींनंतर थकतो. पोलादी साचा लाखांच्या संख्येने नग देतो, पण त्याची किंमतही लाखांतच असते. मागणी किती, यावर साचा ठरावा. उत्साहावर ठरू नये. शिवाय १४ वर्षांखालील मुलांसाठी खेळणे म्हणून विक्री करायची असेल, तर १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे आहे.

सर्वांत मोठे भांडवल मात्र यंत्रात नसून त्या पात्रात असते, आणि तेच बहुधा उघड्यावर पडलेले असते. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार कलाकृतीवरील हक्क कलावंताच्या हयातीत व नंतर ६० वर्षे टिकतो. पण नोकरीत, कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा प्रथम मालक, वेगळा करार नसल्यास, नियोक्ता ठरतो. हक्क दुसऱ्यास द्यायचा तर लेखी करार हवा. त्यात मुदत न लिहिल्यास ती पाच वर्षे आणि प्रदेश न लिहिल्यास तो भारत मानला जातो.

याहून कमी ठाऊक असलेली तरतूद कलम १५ ची. डिझाइन म्हणून नोंदणीस पात्र असलेली आकृती नोंदविली नाही आणि ती लागू केलेल्या वस्तूच्या औद्योगिक प्रक्रियेने ५० हून अधिक प्रती निघाल्या, तर त्या डिझाइनवरील कॉपीराइट संपतो. डिझाइन कायदा, २००० खालील नोंदणी दहा वर्षांचे संरक्षण देते व ते पाच वर्षे वाढविता येते. परंतु ही नोंदणी आकृती प्रसिद्ध होण्यापूर्वी व्हावी लागते. उत्साहाच्या भरात समाजमाध्यमावर टाकलेले एक छायाचित्र नवेपणाचा दावा घालवू शकते. कोणती मूर्ती कोणत्या कायद्यात बसते, हा प्रश्न न्यायालयांतही वादाचा ठरला आहे. म्हणून पहिली ऑर्डर स्वीकारण्यापूर्वी जाणकार वकिलाचा सल्ला घेणे स्वस्त पडते.

असे पाहिले तर वडिलांची विद्या आणि अपत्याची विद्या एकमेकींना पूरक ठरतात. मालाची घट, साच्याचा खर्च, उधारीची मुदत, कराराची भाषा हे पेढीवर मुरलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही. घरात एक वर्ष ठरवून द्यावे, एकच पात्र कागदापासून रंगापर्यंत पूर्ण करून घ्यावे आणि त्याची स्वतंत्र खातेवही ठेवावी. वर्षअखेर त्या वहीतील जमा-खर्च पाहून दोघांनी एकत्र बसून पुढचा निर्णय घ्यावा. तो होकाराचा असो वा नकाराचा, कोणाच्या मनात सल राहणार नाही.

किल्ल्यावरचा शरभ कोरणाऱ्या पाथरवटाचे नाव आज कोणास ठाऊक नाही. आजच्या कलावंताला आपले नाव राखण्याची सोय कायद्याने करून दिली आहे. कागदपत्रे वेळेवर करण्याची सवय व्यापारी घराने त्याला लावावी.