कापूस पारखून, फोन विश्वासावर

कापसाची गाडी खरेदी केंद्रावर लागली की ग्रेडर ओलावा मोजायचे यंत्र कापसात खुपसतो. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पुरा भाव. त्यापुढे टक्क्याटक्क्याला कपात. १२ च्या वर गेला की गाडी परत. धाग्याची लांबी पाहतात, तलमपणा पाहतात. ज्वारी नेली तर काळा दाणा, फुटका दाणा वेगळा काढून दाखवतात. परीक्षा होते ती शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत, आणि माल नापास झाला तर नुकसानही शेतकऱ्याचेच. पारखून घेण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे, त्याबद्दल आमचे भांडण नाही. प्रश्न एवढाच, की शेतकरी जेव्हा स्वतः घेणारा होतो तेव्हा हा हक्क जातो कुठे?

आजचे उदाहरण ‘दणकट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मोबाईल फोनचे आहे. फोन ही आता हौसेची वस्तू राहिलेली नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. वावरात उभे राहून, फोनवर फोटो काढून पिकाची नोंद करायची. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी मागितली. ओटीपी आला तर पुढचे काम, नाही तर दिवस वाया. म्हणजे नांगर, वखर, तिफण यांच्या रांगेत आता फोनही आला. औत ऐन पेरणीत मोडले की जे होते, तेच नोंदणीच्या शेवटच्या दिवशी फोन बंद पडला की होते.

म्हणून शेतकरी चार पैसे जास्त घालून दणकट फोन घेऊ पाहतो. डब्यावर ‘आयपी ६८’ आणि ‘मिलिटरी ग्रेड’ असे छापलेले असते. या शब्दांचा अर्थ दुकानदार सांगत नाही, बहुधा त्यालाही तो ठाऊक नसतो. तो आपण समजून घेऊ.

‘आयपी’ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. पहिला आकडा धुळीचा. ६ म्हणजे धूळ आत शिरत नाही. चाचणी बंद पेटीत टाल्कम पावडर उडवून, जास्तीत जास्त आठ तास होते. दुसरा आकडा पाण्याचा. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून कडक. पण किती खोल आणि किती वेळ, हे फोन बनवणारी कंपनीच ठरवते. पाणी असते स्वच्छ आणि स्थिर. फवारणीचे औषध, साबण, घाम, खारे पाणी यांची परीक्षा त्यात नाही. जोराच्या पिचकारीची चाचणीही वेगळी असते. आयपी ६८ मिळाले म्हणजे तीही पार पडली असे नाही.

‘मिलिटरी ग्रेड’ची गोष्ट याहून गमतीची आहे. हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे मानक. त्याच्या २००८ च्या आवृत्तीत वस्तू चार फुटांवरून २६ वेळा पाडायची असते, तीही काँक्रीटवर अंथरलेल्या दोन इंची प्लायवूडवर. हे २६ दणके एकाच नगाने खावेत असेही नाही. पाच नगांत वाटून देता येतात. शिवाय ते खाते कोणत्याही फोनला प्रमाणपत्र देत नाही. कंपनी आपल्या सोयीच्या चाचण्या निवडते, स्वतः करते किंवा करवून घेते, आणि निकाल स्वतःच छापते. आमच्या कापसाचा ओलावा आम्हीच मोजून पाटीवर लिहिला, तर ग्रेडर मान्य करील काय?

आता प्रयोगशाळेतून वावरात येऊ. सायखेड्याच्या लोकांना पाण्याची परीक्षा वेगळी शिकवायला नको. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरी गावात शिरली. ते पाणी टाकीतले स्थिर, स्वच्छ पाणी नव्हते. गाळाचे आणि ओढीचे होते. आपल्या कोरडवाहू मुलखात परीक्षा आणखी निराळी. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. लिथियमची बॅटरी तापलेली असताना चार्ज होऊ नये म्हणून फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो. ओल्या बोटांना काचेचा पडदा नीट दाद देत नाही. कापूस वेचताना फोन खिशात असला की तंतू आणि माती चार्जिंगच्या भोकात जाऊन बसतात. पाणी अडवणारे आतले रबर आणि डिंक जुने होतात, आणि दुरुस्तीसाठी एकदा फोन उघडला की पहिल्यासारखा बंद होईलच याची खात्री नाही.

खरी मेख पुढे आहे. ज्या डब्यावर पाण्याला न भिण्याची जाहिरात, त्याच डब्यातल्या वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात पाण्याने झालेले नुकसान वगळलेले असते. इटलीच्या बाजार नियामकाने नोव्हेंबर २०२० मध्ये याच दुटप्पीपणाबद्दल ॲपलला १ कोटी युरो दंड केला. ऑस्ट्रेलियात न्यायालयाने जून २०२२ मध्ये सॅमसंगला १ कोटी ४० लाख डॉलर दंड केला. जाहिरातीत फोन तलावात आणि समुद्राच्या पाण्यात दाखवले होते. प्रत्यक्षात अशा पाण्यातून काढून ओला असतानाच चार्जिंगला लावला तर भोक गंजण्याचा धोका होता. तिथल्या ग्राहकाला हे मिळते, आणि इथला शेतकरी दुकानाच्या पायरीवरून परत येतो.

यावर सरकारने आणखी इन्स्पेक्टर नेमावेत असे आम्ही म्हणणार नाही. लायसेन्स-परमिटच्या राज्याने शेतकऱ्याचे काय भले केले ते आपण भोगले आहे. बाजार मोकळा असला आणि गिऱ्हाईक डोळस असले की माल सुधारतो. २००३ साली नोकियाने ११०० हा फोन आणला. धूळ न शिरणारा अखंड कीपॅड आणि वर टॉर्च. कोणत्याही सरकारी हुकुमाशिवाय तो खेड्याखेड्यांत पोचला, कारण तो खेड्याची गरज पाहून केला होता.

आमच्या मागण्या तीनच आहेत. पहिली, चाचणी कोणी केली, किती खोल पाण्यात, किती उंचीवरून आणि किती नगांवर, हे डब्यावर मराठीत छापावे. आणि जो दावा छापला तो वॉरंटीत पाळावा. दुसरी, दुरुस्ती मोकळी करावी. केंद्राने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारे आणि मोबाईल दोन्ही तिच्या यादीत होते. सुटे भाग आणि माहिती तालुक्याच्या कारागिराला मिळाली पाहिजे. तिसरी, सरकार फोनशिवाय नोंद घेणार नसेल तर फोनला अवजार माना. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी ५ टक्के झाला, फोनवर मात्र १८ टक्केच राहिला. आणि फोन बंद पडला म्हणून कोणाचा कापूस नाकारला जाऊ नये. कागदी नोंदीची वाट उघडी राहिली पाहिजे.

मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. शेजाऱ्याच्या वावरात वाण पाहिल्याशिवाय आपण बियाण्याची पिशवी घेत नाही. फोनचेही तसेच करावे. घेण्याआधी फोन दुकानाबाहेर उन्हात धरावा, अक्षरे दिसतात का पाहावे. बोट ओले करून नंबर लावून पाहावा. पडदा बदलायला किती पैसे, बॅटरी कुठे मिळेल, हे आधी विचारावे. दावा आणि वॉरंटी पक्क्या बिलावर लिहून घ्यावी. पाण्यात बुडवून मात्र पाहू नये. आतली पट्टी रंग बदलते आणि वॉरंटी जाते. भिजला तर वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नये. दावा खोटा ठरला तर बिल घेऊन जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही.

आणि एक काम संघटनेचे. प्रत्येक गावात ज्यांच्याकडे असे फोन आहेत त्यांनी पेरणीपासून शेवटच्या वेचणीपर्यंत एका वहीत नोंद ठेवावी. फोन कधी घेतला, कितीदा पडला, कशावर पडला, कधी भिजला, दुरुस्तीला किती गेले, हे त्यात असावे. पुढच्या जिल्हा बैठकीत त्या वह्या एकत्र वाचू. शंभर वह्यांची परीक्षा कोणत्याही प्रयोगशाळेला करता येणार नाही. आमचा माल पारखून घेणाऱ्यांनी त्यांचा मालही पारखून द्यावा, एवढेच मागणे आहे. ते देणार नसतील तर पारखायला आपण समर्थ आहोत.