क्लच गेला असे म्हणण्यापूर्वी

आमच्या समाजातील पुष्कळ कुटुंबांच्या दारात पिकअप उभी असते. तीच पहाटे भाजी बाजाराला नेते, दुपारी सिमेंटची पोती आणते आणि गणेश चतुर्थीला बाप्पांना विसर्जनासाठी पोचविते. अशी गाडी गॅरेजात पडून राहिली की सारे घर अडते. अननसाच्या ऐन हंगामात आमच्या घरी हेच घडले, आणि त्यातून आमचे जे मत बनले ते आज येथे मांडीत आहोत.

गाडी जुनी, डिझेलची, पाच गिअरची. एका सकाळी रिव्हर्स पडेना; जोर लावला की करकर आवाज येई. आम्ही गाडी गॅरेजात नेली आणि मेकॅनिकला सांगितले, "क्लच गेला, बदलून टाका." त्याने गिअरबॉक्स उतरविला आणि क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा सारा संच नवा बसविला. आम्ही पैसे मोजले. आठ दिवसांत पुन्हा तीच करकर! मग एका वयस्क मेकॅनिकला दाखविले. ते गाडीखाली शिरले, गिअरबॉक्सच्या बाजूला असलेल्या स्लेव्ह सिलिंडरचे रबरी टोपण त्यांनी बोटाने मागे सारले, आणि आतून तेल ठिबकले. सिलिंडरचे रबर बदलून नळीतील हवा काढली, एवढेच. तासाभराचे काम. आमची जुनी प्लेट आम्ही मागून आणली होती. ती पाहून ते म्हणाले, "हिचे रिव्हेट अजून अस्तरात चांगले खोल आहेत. ही अजून बरीच चालली असती."

पहिल्या मेकॅनिकवर आम्ही पुष्कळ संतापलो. पण विचार करता दोष अर्धा तरी आमचाच. रोगाचे नाव आम्हीच ठरविले होते. वैद्याकडे जाऊन आपण "अपेंडिक्स काढा" असे सांगतो काय? पोटात कोठे दुखते ते सांगतो.

क्लचची दुखणी मुख्यतः दोन, आणि ती एकमेकांच्या उलट. एकात क्लच धरीत नाही, दुसऱ्यात तो सोडीत नाही. काझ नोयालहून शामारेलचा चढ चढताना इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी पुढे ओढत नाही, जळका वास येतो, तेव्हा क्लच घसरतो आहे असे समजावे. खात्री करायची तर मोकळ्या सपाट जागी, समोर कोणी नसताना, हँडब्रेक ओढून गाडी चौथ्या गिअरमध्ये घालावी आणि पॅडल हळूहळू सोडावे. इंजिन चटकन बंद पडले तर पकड ठीक आहे. ते फिरतच राहिले तर नाही. ही परीक्षा एकदाच करावी, पुनःपुन्हा केल्यास चांगली प्लेटही जळेल. घसरण्यामागे प्लेट झिजलेली असते, किंवा इंजिनाच्या मागच्या सीलमधून गळलेले तेल तिच्यावर आलेले असते. तसे असेल तर सील न बदलता नवी प्लेट घालणे म्हणजे पैसे पाण्यात. कधी पॅडलला वरच्या टोकाशी जी थोडी मोकळी चाल हवी ती नसते, एवढेच कारण असते.

आमचे दुखणे दुसऱ्या प्रकारचे होते. पॅडल पूर्ण दाबूनही गिअर करकरत असेल तर पॅडल भराभर तीन-चार वेळा मारून पाहावे. त्यानंतर गिअर गुमान पडला, तर संशय प्लेटवर नव्हे, तेलाच्या वाटेवर घ्यावा. बॉनेट उघडून डबीतले तेल पाहावे. ते कमी झाले असेल तर कोठेतरी गेले आहे. आत पॅडलच्या दांड्याशी ओल असेल तर मास्टर सिलिंडर, खाली ओल असेल तर स्लेव्ह. हे तेल ब्रेकचेच असते, डबीच्या झाकणावर त्याचा प्रकार लिहिलेला असतो. हाताशी आहे म्हणून इंजिन ऑईल ओतू नये. रबरे फुगून सारे निकामी होते. काही गाड्यांत ब्रेक आणि क्लच यांची डबी एकच असते. तेथे तेल कमी होणे ही थट्टा नव्हे.

आवाजाचे म्हणाल तर पॅडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये घरघर असून पॅडल दाबताच थांबली तर बहुधा गिअरबॉक्सचे बेअरिंग. काही नव्या पिकअपमध्ये स्लेव्ह सिलिंडरच गिअरबॉक्सच्या पोटात असतो, तेथे गिअरबॉक्स उतरविण्यावाचून गत्यंतर नाही आणि मग एकदाच सर्व बदलणे शहाणपणाचे. मात्र केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

आता आमचे खरे म्हणणे. मेकॅनिकने तासभर गाडी पाहिली आणि "काही नाही, थोडे तेल गळते आहे" असे सांगितले, तर आपण त्याच्या हातावर काय ठेवतो? बहुतेक वेळा नुसते आभार. नवा संच बसविला की मात्र मुकाट्याने पैसे देतो. मग त्याने संच विकावा, यात नवल ते काय? तपासणीची मजुरी आधी ठरवावी आणि दोष किरकोळ निघाला तरी आनंदाने द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. कित्येकांना हे पटणार नाही. आमच्या घरीही पटलेले नाही. पण त्या वयस्क मेकॅनिकना आम्ही जे दिले ते त्यांनी दोनदा नाकारून मग घेतले, यावरून असे पैसे त्यांना क्वचितच मिळत असावेत.

त्यांनीच आणखी एक विचारले होते, "गाडी चालविते कोण?" कारण डावा पाय सारखा पॅडलवर टेकून ठेवणे आणि चढावर हँडब्रेकऐवजी क्लचवर गाडी तोलून धरणे, याने बेअरिंग आणि प्लेट अकाली झिजतात. गाडी आमचे थोरले बंधू चालवितात. त्यांना आम्ही हे सांगून पाहिले. चाळीस वर्षे आपण असेच चालवीत आलो, असे त्यांचे उत्तर आहे, आणि पाय अजून पॅडलवरच आहे.