सुलूनं ‘नाही’ म्हटलं म्हणून...

कार्टून म्हणजे पोराटोरांचं, असं ज्यांना अजूनही वाटतं त्यांनी पान उलटलं तरी चालेल. बाकीच्यांनी चहा मागवा. आज बोलायचंय ‘द सिम्पसन्स’च्या अशा एपिसोडबद्दल, ज्याचं नुसतं नाव काढलं तरी फॅन मंडळी गाणंच म्हणायला लागतात. ‘मार्ज व्हर्सेस द मोनोरेल’. चौथा सीझन, १४ जानेवारी १९९३.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट एका दमात : स्प्रिंगफिल्ड गावाला अचानक तीस लाख डॉलर मिळतात. मार्ज म्हणते, आधी मेन स्ट्रीटचे खड्डे बुजवा. तेवढ्यात लाइल लॅन्ली नावाचा गोडबोल्या सेल्समन येतो, सभेत गाणं म्हणतो आणि अख्ख्या गावाच्या गळ्यात मोनोरेल मारतो. होमर ड्रायव्हर होतो. पुढे काय होतं ते सांगायला नकोच. (वडाळ्याची मोनो आठवली ना? प्लीज, तो विषय पुन्हा कधीतरी.)

हा एपिसोड लिहिला कॉनन ओब्रायननं. हो, तोच, टॉक शोवाला. एपिसोड दाखवला गेला तेव्हा तो होता २९ वर्षांचा, म्हणजे तुमच्या-माझ्याच वयोगटातला. त्याला आयडिया कुठे सुचली? लॉस एंजेलिसमधल्या एका होर्डिंगवर त्याला नुसता ‘मोनोरेल’ हा शब्द दिसला. बस्स, एवढंच. मीटिंगमध्ये त्यानं ती मांडली, तर शो चालवणारे अल जीन आणि माइक रीस म्हणाले, जरा जास्तच वेडपट आहे, आधी दुसरं काहीतरी करून बघ. (हे वाक्य तुम्ही तुमच्या ऑफिसात किती वेळा ऐकलंय?) कॉननला रडू-बिडू आलं नाही. त्यानं आधी दुसऱ्या आयडिया दिल्या, त्या चालल्या, आणि मग पुन्हा आपली मोनोरेल पुढे सरकवली. निर्माता जेम्स एल. ब्रूक्सला ती जाम आवडली. लॅन्लीला आवाज दिला फिल हार्टमननं आणि त्याच्या गाण्याचा साचा उचलला ‘द म्युझिक मॅन’ या जुन्या ब्रॉडवे म्युझिकलमधून. तिथेही एक भामटा गावाला गंडवायलाच आलेला असतो.

पण मला स्वतःला यातला सगळ्यात भारी किस्सा वाटतो तो पाहुण्या कलाकाराचा. मोनोरेलच्या उद्‌घाटनाला एक सेलिब्रिटी हवा होता. लेखकांच्या डोक्यात होता जॉर्ज टकेई, ‘स्टार ट्रेक’मधला सुलू. घरचाच माणूस, १९९१ मध्ये त्यानं सिम्पसन्सच्या एका एपिसोडला आवाज दिलेला. हा तर नक्की येणार, असं सगळे धरून चालले होते. आणि सुलूनं चक्क नाही म्हटलं! कारण काय, तर सार्वजनिक वाहतुकीची टिंगल त्याला करायची नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय मनाला लावून घ्यायचं, कार्टूनच तर आहे. पण या माणसाची दुसरी नोकरी बघा. १९७३ मध्ये लॉस एंजेलिसच्या महापौरांनी त्याला तिथल्या बस-वाहतूक मंडळावर नेमलं आणि तो ११ वर्षं तिथे होता. मोटारगाड्यांच्या त्या शहरात भुयारी रेल्वे आणायची की नाही, यावर मंडळात मतं समसमान पडली, तेव्हा ‘स्टार ट्रेक’च्या पहिल्या सिनेमाचं शूटिंग सोडून तो मतदानाला गेला. निर्णायक मत त्याचं होतं. अशा माणसानं, लोकल गाडी म्हणजे गावाला घातलेली टोपी, या विनोदात हसत हसत उभं राहायचं? मला त्याचं ‘नाही’ पटतं. विनोद कमालीचा आहे, हे मान्य करूनही पटतं.

मग लेखकांनी लेनर्ड निमॉयला विचारलं. फार आशा नव्हती, कारण त्याच्याच टीमचा कॅप्टन विल्यम शॅटनर याआधी शोला नकार देऊन बसला होता. पण स्पॉकसाहेब तयार झाले! शेजारच्या प्रवाशाला तो अंतराळाच्या गप्पा मारून बोअर करतो आणि शेवटी काहीही न करता, आपलं काम झालं म्हणून हवेत विरून जातो, ते सीन आठवा. तिथे दुसऱ्या कुणाची कल्पना करून बघा. जमत नाही ना?

गंमत म्हणजे आज टॉप टेनच्या यादीत हमखास असणारा हा एपिसोड घरच्याच मंडळींना पचला नव्हता. लिसाचा आवाज असलेल्या यर्डली स्मिथनं १९९५ मध्ये एका मुलाखतीत, हा आमच्या सर्वांत वाईट एपिसोडांपैकी एक, असं सांगून टाकलं. कॉनन तोवर केव्हाच निघून गेला होता. सप्टेंबर १९९३ पासून तो एनबीसीवर स्वतःचा ‘लेट नाइट’ करत होता.

आणि सुलूची रेल्वे? टीव्हीवर स्प्रिंगफिल्डची मोनोरेल बोंबलली त्यानंतर बरोबर १६ दिवसांनी, ३० जानेवारी १९९३ ला, लॉस एंजेलिसची भुयारी रेड लाइन सुरू झाली. पहिला टप्पा जेमतेम सात किलोमीटरचा. ती अजून धावते. आता तिला ‘बी लाइन’ म्हणतात.