पाय दाखवायला कसली लाज?

दवाखान्यात आलेला माणूस जीभ दाखवतो, रक्तदाबासाठी बाही वर करतो. ‘चप्पल काढा, पाय पाहू’ म्हटले की मात्र तो संकोचतो. ‘अहो डॉक्टर, पायाला काय बघता? खोकल्याचं औषध द्या,’ असे उत्तर येते. वयस्कर माणसे तर ‘तुम्ही कशाला पायाला हात लावता?’ म्हणून पाय मागे घेतात. आपल्याकडे पायाला हात लावायचा तो नमस्कारासाठी. तपासण्यासाठी हात लावण्याची सवय रुग्णाला नाही आणि खरे सांगायचे तर आम्हा डॉक्टरांनाही नाही. या संकोचापायी काहींचे बोट जाते, काहींचा सबंध पाय जातो. म्हणून आजचा विषय पायांचा.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायांच्या नसांची संवेदना कमी होते आणि रक्तपुरवठाही मंदावतो. मग बुटात खडा राहिला, नख मांसात रुतले, चप्पल चावली तरी कळत नाही. ‘दुखत नाही, म्हणजे विशेष काही नाही,’ असे रुग्ण समजतो. वास्तविक अशा पायाचे न दुखणे हेच धोक्याचे लक्षण असते. पू आतवर पोचेपर्यंत घरात कोणाला पत्ता लागत नाही.

पण हा प्रश्न केवळ मधुमेहींचा नाही. शाळकरी मुलांचे बूट एक तर वर्षभर पुरावेत म्हणून मोठे घेतलेले असतात, नाही तर गेल्या वर्षीचेच घट्ट झालेले. त्यात नखे कोपऱ्यात खोल गोल कापली की अंगठ्याचे नख रुतते. आपल्या कोकणात भातलावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, टाचांना भेगा पडतात. या भेगांमधून आणि जखमांमधून लेप्टोचे जंतू शरीरात शिरतात. २००५ च्या जुलैतील महापुरानंतर मुंबईत ही साथ आली, ती तुंबलेल्या पाण्यातून चालत गेलेल्या माणसांत. म्हाताऱ्या माणसांना तर वाकता येत नाही, दिसत नाही. नखे जाड होऊन वळतात. पूर्वी घरी येणारा न्हावी नराणीने नखे काढून देई. ती पद्धत बहुतेक ठिकाणी संपली, तिच्या जागी दुसरे काही आले नाही. अंगठ्याचे नख मुळापासून पुरते वाढायला वर्ष-दीड वर्ष लागते. एकदा बिघडलेले नख लवकर सुधारत नाही ते यामुळेच.

मग लोक करतात काय? कुरूप ब्लेडने कापतात किंवा त्यावर दुकानातली पट्टी लावतात. या पट्टीत आम्ल असते. ते मधुमेह्याच्या पायाची चांगली कातडीही जाळते. नखाच्या बुरशीवर शेजाऱ्याने सांगितलेले मलम चोळतात. अलीकडे तालुक्याच्या गावीही ब्युटी पार्लरमध्ये पाय स्वच्छ करून मिळतात. निरोगी माणसाने हौसेने तिथे जायला माझी हरकत नाही. हत्यारे निर्जंतुक केलेली आहेत का, टब धुतला का, एवढे मात्र विचारावे. २००० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एका सलूनच्या टबातून शंभरावर गिऱ्हाइकांच्या पायांवर गळवे उठली होती. मधुमेह्याने आपले पाय अशा हातांत देऊ नयेत.

हे काम शिकलेल्या हातांचे आहे. ब्रिटनमध्ये पायांची निगा राखणारा हा नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसाय आहे. पण त्यासाठी परदेशाकडे पाहण्याची गरज नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की कुष्ठरोग्याची बोटे आपोआप झडत नाहीत. संवेदना गेल्याने नकळत होणाऱ्या जखमांमुळे ती जातात. पाय रोज पाहा, घट्टे मऊ ठेवा, तेल लावा, मऊ रबराची चप्पल वापरा, हे धडे आपल्या देशातील कुष्ठरोग कार्यकर्त्यांनी हजारो रुग्णांना दिले. पुढे डॉ. ब्रँड अमेरिकेत गेले आणि हेच ज्ञान तिथे मधुमेहींच्या कामी आले. हत्तीपायाच्या रुग्णांनाही सरकारी कार्यक्रमातून टब, मग, साबण देऊन पाय धुण्याची रीत शिकवली जाते. म्हणजे विद्या आपल्या घरात आहे, फक्त ती दोन रोगांपुरती कोंडून ठेवली आहे.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस पायांसाठी एक टेबल असावे. एक शिकवून तयार केलेली परिचारिका, निर्जंतुक केलेली नखे कापायची हत्यारे आणि संवेदना तपासायचा नायलॉनचा धागा एवढे पुरे. कर्मचारी अपुरे आहेत हे मला मान्य आहे. पण पाच मिनिटांची तपासणी टाळून पुढे त्याच रुग्णाचे महिनोन्‌महिने ड्रेसिंग करायचे, यात कोणता वेळ वाचतो? रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीकडे वाचकांनी हा विषय लेखी मांडावा. आम्ही खासगी डॉक्टरांनीही मधुमेह्याचे पाय पाहिल्याशिवाय औषधाची चिठ्ठी लिहू नये.

तोवर घरी एवढे करावे. पाय रोज धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात. टाचांना खोबरेल किंवा कोकमाचे तेल लावावे, बेचक्यांत लावू नये. नखे आंघोळीनंतर सरळ कापावीत, कोपरे खोदू नयेत. चप्पल संध्याकाळी घ्यावी, कारण त्या वेळी पाय थोडा सुजलेला असतो. मधुमेह्याने अनवाणी चालू नये. देवळाच्या तापलेल्या फरशीवर भाजून फोड आले तरी त्याला कळत नाही. गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकू नयेत.

संवेदना घरीही पाहता येते. डोळे मिटायला सांगून दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला आपले बोट एक-दोन सेकंद अलगद टेकवावे. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. बोट काळे पडणे, जखमेतून पाणी येणे, एकच पाय सुजून गरम लागणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

येत्या रविवारी घरातल्या आजी-आजोबांचे पाय उजेडात घेऊन पाहा. शेवटची नखे कोणी आणि केव्हा कापली, तेही विचारा.