वाघिणीवरील नाव

१९३० च्या सुमारास इंग्लंडमधील एखाद्या मध्यम गावातील कोळसा व्यापाऱ्याकडे तराजू, पोती आणि घोडागाडी यांच्या जोडीला आणखी एक मालमत्ता असे. ती म्हणजे स्वतःच्या रेल्वे वाघिणी. कोणाकडे दोन, कोणाकडे दहा, तर मोठ्या पेढ्यांकडे शेकड्यांनी. वाघिणीच्या सात लाकडी फळ्यांवर मालकाचे आडनाव आणि गाव मोठ्या, छाया दिलेल्या अक्षरांत रंगविलेले असे. खालच्या कोपऱ्यात, रिकामी झाल्यावर ती कोणत्या खाणीकडे परत पाठवावी याची बारीक सूचना असे. रेल्वे कंपनीची वाघीण वेळेत रिकामी केली नाही तर डेमरेज लागे. स्वतःच्या वाघिणीला ते लागत नसे. सायडिंगच्या जागेचे भाडे तेवढे भरावे लागे. त्यामुळे वाघीण हे वाहन होते, काही दिवसांचे गोदामही होते, आणि खाणीपासून गावापर्यंत फिरणारी पेढीची पाटीही होती.

त्या वाघिणी आज जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत. त्या सर्वाधिक संख्येने उरल्या आहेत त्या छंदिष्टांच्या टेबलांवर, मूळ आकाराच्या शहात्तराव्या हिश्शात. १९२३ च्या प्रमाणित आराखड्याची बारा टनी वाघीण या मापात जेमतेम ६६ मिलिमीटर लांबीची होते. हा आराखडा ठरविला होता रेल्वे क्लिअरिंग हाऊसने. निरनिराळ्या रेल्वे कंपन्यांमधील देण्याघेण्याचा हिशेब मिटविणारी ही संस्था १८४२ मध्ये लंडनच्या बँकांच्या क्लिअरिंग हाऊसच्या धर्तीवर स्थापन झाली. एका कंपनीच्या रुळांवरून दुसरीचा माल आणि तिसऱ्याची वाघीण जात असल्याने अशा संस्थेवाचून व्यवहार चालणेच शक्य नव्हते. आपल्याकडे लघुरेल्वे पाहण्याची सोय पुण्यात कोथरूड परिसरातील जोशी यांच्या संग्रहालयात १९९८ पासून आहे. तेथील माप मात्र १:८७, म्हणजे थोडे लहान आहे. ब्रिटिश छंदिष्टांचे १:७६ हे माप एका तडजोडीतून आले. ब्रिटिश इंजिने अंगाने लहान; १:८७ मध्ये त्यांच्या पोटात त्या काळची मोटर मावेना. म्हणून रूळ तेच १६.५ मिलिमीटरचे ठेवून वरचा सांगाडा तेवढा मोठा केला गेला. खऱ्या प्रमाणाने रुळांतील अंतर १८.८३ मिलिमीटर हवे. काटेकोर मंडळी ही चूक आजही विसरत नाहीत आणि अनेकजण तेवढ्यासाठी सर्व चाके बदलून घेतात.

कारखान्यातून येणारी प्रतिकृती चकचकीत असते. तिच्यावरील अक्षरे इतकी रेखीव असतात की खऱ्या वाघिणीवर तशी ती कारखान्यातून निघाल्याच्या दिवसापुरतीच असतील. येथून पुढे जे काम सुरू होते त्याला वेदरिंग म्हणतात. ऊन, पाऊस, धूर आणि कोळशाची धूळ यांनी वस्तूवर जे केले असते ते रंग आणि कुंचला यांनी लहान मापात घडवून आणणे म्हणजे वेदरिंग. व्यापारी घरातील माणसाला हे ऐकून प्रथम हसू येईल. नवा माल पूर्ण किमतीला घ्यायचा आणि स्वतःच्या हाताने जुना करायचा, हा कसला व्यवहार? परंतु हिशेबाच्या वहीत ज्याला घसारा म्हणतात, तोच येथे डोळ्यांना दिसेल असा मांडलेला असतो. खतावणीत घसाऱ्याचा आकडा दरसाल नियमाने पडतो. वाघिणीवर तो नियमाने पडत नाही, आणि खरे कौशल्य तेथेच आहे.

नवशिका प्रथम एक चूक हमखास करतो. तपकिरी रंग पातळ करून तो सगळीकडे सारखा फासतो. काही उत्पादक कारखान्यातूनच मळवलेल्या प्रतिकृती विकतात, त्यांतही बहुधा हाच दोष आढळतो. दहा वाघिणी घेतल्या तर दहांवर एकच धूळ. जाणकार मात्र प्रत्येक डागाला कारण मागतो. लेखापरीक्षक जसा व्हाउचरवाचून नोंद मान्य करीत नाही, तसाच हा प्रकार. गंजाचा ओघळ बोल्टपासून सुरू होऊन खाली जातो, कारण पाणी खाली जाते. चाकांच्या बाजूंवर तपकिरी पूड बसते, ती ब्रेकचे लोखंडी ठोकळे घासल्यामुळे. पण चाकाचा रुळावर टेकणारा काठ आरशासारखा लखलखीत राहतो. वाघिणीच्या आतील बाजूला रंग दिलेलाच नसे, म्हणून तेथील लाकूड राखाडी, आणि तळाशी कोळशाचा काळेपणा. वाफेच्या इंजिनावर हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो. बॉयलरच्या सुरक्षा झडपेभोवती आणि धुलाईच्या बुचांखाली पाण्यातील क्षारांचे पांढरे ओघळ, पुढील धूरपेटीच्या दाराशी राख, दांड्यांवर तेलाची ओली चमक. पायरीच्या मध्यभागी मात्र माणसांच्या पायांनी घासून धातू उघडा पडलेला असतो. युद्धकाळात इंजिने पुसणारी माणसे मिळेनाशी झाली, तेव्हा पुष्कळदा केबिनच्या बाजूवरील क्रमांक तेवढा फडक्याने पुसला जाई. त्या काळचे इंजिन करताना सगळीकडे काजळी आणि मधोमध एक स्वच्छ चौकोन दाखविला की पाहणाऱ्याला वर्ष सांगावे लागत नाही.

काम प्रत्यक्षात करताना आधी प्रतिकृतीवरील जादा अक्षरे किंवा चुकीचा क्रमांक काढला जातो. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडविलेला कापूस किंवा काचतंतूंची पेन्सिल वापरतात. या पेन्सिलीची पूड त्वचेत आणि श्वासात जाऊ न देणे अत्यावश्यक, हे पुस्तकांपेक्षा बोटेच लवकर शिकवितात. पाण्यात भिजवून सरकविण्याच्या पातळ छाप-अक्षरांनी नवा क्रमांक चढतो. मग रंग, पण मूळ छटेपेक्षा किंचित फिकट. मूठभर वस्तूवर तोच गडद रंग अधिक गडद भासतो, आणि खरा कुळकुळीत काळा तर अशा प्रतिकृतीवर जवळजवळ कधीच वापरू नये. त्यात थोडा तपकिरी किंवा राखाडी मिसळावा. त्यावर बिनचकाकीचे वार्निश. त्यानंतर टर्पेंटाइनसारख्या द्रावकात खूप पातळ केलेला एनॅमल रंग फळ्यांच्या फटींत सोडून, वरचा भाग त्याच द्रावकाने ओलसर केलेल्या कुंचल्याने वरून खाली पुसून घ्यायचा. जे राहते ते सांध्यांत राहते, म्हणजे जेथे खरी घाण राहते तेथेच. शेवटी कोरड्या रंगपुडीचा हलका हात. पोपडे दाखवायचे असतील तर आधी गंजाचा रंग, त्यावर केसांना मारण्याचा स्प्रे, त्यावर वरचा रंग, आणि तो पूर्ण कडक होण्यापूर्वी ओल्या ताठ कुंचल्याने थोडे थोडे उचकटायचे.

कुंचल्यांविषयी या मासिकाच्या वाचकांना एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. बारीक कामासाठी नावाजलेले कोलिन्स्की कुंचले सायबेरियातील एका मुंगसासारख्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे असतात. नायलॉनचे उत्तम कुंचले आता सर्वत्र मिळतात, आणि द्रावकाचे काम करताना महागाचे केस खराब होतात ते वेगळेच. त्यामुळे ते न घेतल्याने कामात काही उणे राहत नाही.

रंग ठरवायचा कशावरून, हा प्रश्न वरवर दिसतो त्याहून अवघड आहे. त्या काळची छायाचित्रे कृष्णधवल आहेत. शिवाय जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांना लाल रंग जाणवतच नसे. तो जवळजवळ काळा उमटे, आणि निळा पांढुरका होई. छायाचित्रातील काळी वाघीण प्रत्यक्षात तांबडी असू शकते. येथे मदतीला येतात त्या वाघिणी बांधणाऱ्या कारखान्यांच्या नोंदी. ग्लॉस्टरच्या कारखान्यात नवी वाघीण बाहेर पडली की तिचे छायाचित्र काढीत आणि सोबतच्या फलकावर तारीख व रंग लिहून ठेवीत. ज्याने कोणी ही शिस्त लावली त्याला आज छंदिष्ट दुवा देत असतील. त्याच्या डोळ्यांपुढे मात्र केवळ पुढील ऑर्डर असावी.

त्याच नोंदींच्या जगातून आणखी एक बारीक तपशील येतो. पुष्कळ व्यापारी वाघिणी रोखीने घेत नसत. काही भाड्याने घेत, काही अनेक वर्षांच्या हप्त्यांनी. अशा वाघिणीच्या खालच्या तुळईवर खऱ्या मालकाची, म्हणजे भाड्याने देणाऱ्या कंपनीची, ओतीव लोखंडी पट्टी ठोकलेली असे. फळ्यांवर व्यापाऱ्याचे नाव हातभर, आणि मालकीचा पुरावा वीतभराहूनही लहान. प्रतिकृतीवर ही पट्टी दोन-तीन मिलिमीटरची होते. अनेकजण ती लावीतही नाहीत. ज्याने लावली त्याने व्यवहार पाहिला, असे म्हणावयास हरकत नाही.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि सरकारने या खाजगी वाघिणी, काही विशेष प्रकार सोडून, एका सामाईक ताफ्यात घेतल्या. त्यांची संख्या पाच लाखांहून अधिक होती. आता कोणाचीही वाघीण कोणाचाही कोळसा कोठेही नेऊ लागली. नाव पुन्हा रंगविण्याला अर्थ उरला नाही. मोडकी फळी बदलली तर नव्या फळीला रंगही देत नसत. मग अक्षरांच्या मधूनच एक कोरे, पांढुरके लाकूड दिसे. १ जानेवारी १९४८ रोजी रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणाबरोबर या वाघिणी कायमच्या सरकारी झाल्या. मालकांना मोबदला मिळाला. खालच्या कोपऱ्यात एक लहान काळा चौकोन काढून त्यात 'पी' अक्षराने सुरू होणारा नवा क्रमांक घातला गेला. वरचे नाव कोणी मुद्दाम पुसले नाही. ते ऊन-पावसाने आपोआप पुसट होत गेले, आणि पुढील दशकात लोखंडी सोळा टनी वाघिणी वाढत गेल्या तसे लाकडासकट भंगारात गेले.

म्हणून छंदिष्टाला पहिला निर्णय वर्षाचा घ्यावा लागतो. १९३५ ठरविले तर नाव झळकते ठेवावे, धूळ थोडी. १९४९ ठरविले तर तेच नाव अर्धे घालवावे लागते. ऑक्सफर्डशायरमधील लाँग विटनहॅम येथे रॉय इंग्लंड यांनी १९५४ मध्ये स्थापन केलेल्या पेंडन संग्रहालयाने याबाबत कठोर व्रत घेतले आहे. तेथील खेडी आणि गाड्या दोन महायुद्धांमधील काळाच्याच, प्रत्येक घर प्रत्यक्ष मोजून आणि छायाचित्रे घेऊन केलेले. त्याच संग्रहालयात जॉन अहर्न यांची मॅडर व्हॅली रेल्वेही जपलेली आहे. ती काल्पनिक दरीतील आहे, पण १९३० च्या दशकात, लघुरेल्वे म्हणजे चकाकते खेळणे असे बहुतेकांना वाटत असताना, अहर्न यांनी तिला वापरलेपणाचा रंग दिला. अमेरिकेत हेच काम कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील छायाचित्रकार जॉन ॲलन यांनी केले. त्यांची डोंगरदऱ्यांची रेल्वे त्यांच्या तळघरात होती. जानेवारी १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि काही दिवसांतच घराला लागलेल्या आगीत ती नष्ट झाली. तिची ओळख आज मुख्यतः त्यांनीच काढलेल्या छायाचित्रांतून होते.

पैशाचा प्रश्न राहतोच. मूळ खोक्यात अस्पर्श राहिलेल्या प्रतिकृतीला संग्राहक अधिक किंमत देतात. हौशी हाताने मळवलेलीची किंमत बहुधा उतरते, आणि एनॅमलचा हात एकदा बसला की तो मूळ छपाईसकटच निघतो. म्हणून शहाणा माणूस पहिले प्रयोग जुन्या बाजारातील मोडक्या वाघिणीवर करतो. एका बाबतीत तर हात आवरणेच योग्य. १९३८ साली निघालेल्या हॉर्नबी डब्लोच्या पत्र्याच्या वाघिणी कोणाच्या घरी आजोबांच्या पेटीत निघाल्या, तर त्यांवरील ओरखडे खऱ्या लहान मुलांनी पाडलेले असतात. त्यांना रंग देणे म्हणजे जुनी कीर्द सुवाच्य अक्षरात नव्याने लिहून मूळ वही रद्दीत घालणे. नव्या प्लॅस्टिकच्या वाघिणीवर खोटा घसारा चालतो. तिच्याजवळ स्वतःचा असा काही नसतो.

ज्याने १९४९ साल निवडले आहे, त्याचे काम शेवटी एका फळीवर येऊन थांबते. सातपैकी चौथी फळी निवडायची, कारण आडनावाच्या अक्षरांची कंबर तिच्यावर असते. धारदार सुरीने वरचा रंग त्या फळीपुरता खरवडायचा, राखाडी-पिवळट लाकडाचा रंग द्यायचा, काळ्या चौकोनात 'पी' क्रमांक बसवायचा. काही अक्षरांचे डोके आणि पाय उरतात, मधले उरत नाही. तरीही टेबलापासून दोन हात दूर उभे राहिले, की ते आडनाव वाचता येते.